विदर्भांतील शिलावर्तुळें

नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें पश्चिमेकडे निघालें म्हणजे शहराची वस्ती सरतां सरतां मुरमाड माळ लागतो. गवत बेताचें, अधूनमधून बोरी-बाभळींचीं झुडपें. येथें मुद्दाम थांबून पाहावें असें कांहीं असेल हें वाटसरूच्या मनांतही येत नाहीं. परंतु जुनापाणी या ठिकाणीं वाहनांतून पायउतार होऊन थोडें आंत चालून गेलें, तर काळ्या दगडांचीं मोठमोठीं कडीं जमिनीवर मांडून ठेवलेलीं दृष्टीस पडतात. एकापलीकडे दुसरें, दुसऱ्यापलीकडे तिसरें, अशीं तीं उतारावर पसरत गेलेलीं आहेत. दगड घडविलेले नाहींत; ओबडधोबड शिळा निवडून, ओढून आणून एकमेकींच्या शेजारीं बसविलेल्या आहेत. कड्याच्या आंतील जागा भोवतालच्या जमिनीहून किंचित् उंच असून दगडगोटे व माती यांनीं भरलेली आहे. पालथें घातलेलें ताट आणि त्याला दगडांचा कांठ, अशी कांहींशी त्याची ठेवण दिसते. एकट्या जुनापाणीस अशीं सुमारें ३०० वर्तुळें आहेत. नागपूर जिल्ह्यांत अशीं ठिकाणें अनेक असून शेजारच्या जिल्ह्यांतही तीं सांपडतात.

जुन्या पिढीचे गांवकरी या वर्तुळांचा संबंध गवळ्यांशीं जोडीत असत. पूर्वीं कधीं तरी या मुलुखांत गवळ्यांचें राज्य होतें, त्यांच्या तळांच्या या खुणा, असें सांगत. ज्या जुन्या वस्तूचा कर्ता ठाऊक नसेल ती गवळ्यांची, पांडवांची किंवा राक्षसांची म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. या उत्तरास हंसण्याचें कारण नाहीं. ज्या विद्वानांनीं पुढें ग्रंथ लिहिले त्यांचींही पहिलीं उत्तरें याहून फारशीं वेगळीं नव्हतीं, हें लवकरच दिसून येईल.

या वर्तुळांच्या अभ्यासाच्या आरंभींच एक शोककारक घटना घडलेली आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. शाळा चालविणें व धर्मोपदेश करणें हा त्यांचा व्यवसाय. पण त्यांचें अर्धें लक्ष पायांखालच्या जमिनीकडे असे. नागपूरच्या आसपासचे खडक, त्यांत दडलेले वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष, गोंड लोकांचीं गीतें आणि चालीरीति या सर्वांचीं त्यांनीं बारकाईनें टिपणें केलीं. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें आहे. १८६३ च्या पावसाळ्यांत, मध्य प्रांताचा कारभार पाहणारे रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिलावर्तुळांचें खोदकाम पाहण्यास गेले. परततांना ते घोड्यावर एकटेच होते. वाटेंत पावसानें फुगलेला ओढा ओलांडतांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं बुडून त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशीही त्यांनीं पाहिली नाहीं. गोंडांविषयींचीं त्यांचीं टिपणें टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढलीं म्हणून वांचलीं. टाकळघाटच्या दगडांविषयीं त्यांना त्या दिवशीं काय वाटलें होतें, तें मात्र त्यांच्याबरोबरच गेलें.

पुढें चार वर्षांनीं, १८६७ सालीं, मेजर पीअर्स यांनीं कामठीच्या छावणीजवळील वारेगांव येथें एक मोठें वर्तुळ खणलें. त्यांतून निघालेल्या वस्तु लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें गेल्या. १८७९ सालीं रिव्हेट-कार्नॅक यांनीं जुनापाणीच्या खोदकामाचा वृत्तांत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. हे गृहस्थ कांहीं वर्षें मध्य प्रांत व वऱ्हाड यांचे कापूस-कमिशनर होते. सरकी आणि गांठी यांच्या हिशेबांतून दगडांसाठीं सवड काढणारा अधिकारी विरळाच म्हटला पाहिजे. त्या काळची खोदण्याची रीत मात्र अगदीं सरळ होती: मजूर लावावे, वर्तुळाच्या पोटांत खड्डा घ्यावा, आणि हातीं लागेल तें वर काढावें. कोणती वस्तु कोणत्या थरांत, कोणत्या हाडाशेजारीं, कोणत्या दिशेस तोंड करून होती, याची नोंद ठेवण्याची विद्या तेव्हां जन्मास यावयाची होती. वाईट इतकेंच कीं, एकदां खणलेलें वर्तुळ दुसऱ्यानें पुन्हा तसेंच खणून पाहतां येत नाहीं. पुस्तक वाचून झाल्यावर शिल्लक राहतें. येथें वाचतां वाचतांच पान नाहींसें होतें.

वर्तुळांत माणसांच्या अस्थि, लोखंडी हत्यारें व मडकीं सांपडलीं, तेव्हां हीं थडगीं आहेत हें निश्चित झालें. पण कोणाचीं? या संशोधकांच्या मनांत लहानपणापासून ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत येथील शिलावर्तुळें व उभे पाषाण ठसलेले होते. शोरापूरच्या भागांत कर्नल मेडोज टेलर यांनीं असल्याच समाधि आधीं उकरून पाहिल्या होत्या आणि त्यांचें नातें पश्चिमेकडील शिथियन व केल्ट लोकांशीं जुळविलें होतें. रिव्हेट-कार्नॅक यांनाही नागपूरच्या माळावर आपल्याच देशाचे जुने रहिवासी भेटल्यासारखें वाटलें. कांहीं शिळांवर वाटीएवढे खोल खळगे ओळींनीं कोरलेले त्यांना आढळले. स्कॉटलंडमधील अशाच खळग्यांवर सर जेम्स सिम्प्सन यांनीं थोड्याच वर्षांपूर्वीं ग्रंथ लिहिला होता. (शस्त्रक्रियेच्या वेळीं क्लोरोफॉर्मचा उपयोग करून दाखविणारे डॉक्टर सिम्प्सन ते हेच.) मग शंका कसली? दगड सारखे, वर्तुळ सारखें, खळगे सारखे. तेव्हां लोकही एकच असले पाहिजेत. गवळ्यांऐवजीं शिथियन, एवढाच काय तो फरक.

या तर्काचा पाया कालगणनेनें ढांसळला. इंग्लंडांतील स्टोनहेंज येथील पहिला चर व बांध इ. स. पूर्वीं ३००० च्या सुमारास खणला गेला आणि तेथील प्रचंड शिळा इ. स. पूर्वीं २५०० च्या सुमारास उभ्या राहिल्या. खणणाऱ्यांच्या हातीं हरणाचीं शिंगें आणि दगडी हत्यारें होतीं. लोखंड त्यांना ठाऊक नव्हतें. विदर्भांतील वर्तुळांत तर लोखंड विपुल आहे, आणि त्यांचा काळ स्थूलमानानें इ. स. पूर्वीं १००० ते ३०० असा धरला जातो. दोहोंमध्यें दीड-दोन हजार वर्षें आणि अर्धी पृथ्वी पसरलेली आहे. खुद्द इंग्लंडांतही असाच घोटाळा झाला होता. अठराव्या शतकांत विल्यम स्टकली यांनीं स्टोनहेंज ड्रुइड नांवाच्या पुरोहितांचें देऊळ ठरविलें. परंतु हे ड्रुइड इतिहासांत दिसतात ते ज्यूलियस सीझरच्या काळीं, म्हणजे त्या शिळा उभ्या राहून दोन हजारांवर वर्षें लोटल्यानंतर. ठाऊक असलेल्या जुन्या नांवास ठाऊक नसलेली जुनी वस्तु चिकटवून द्यावयाची, ही खोड सर्वत्र सारखीच आहे. वर्तुळाच्या आकाराचें म्हणाल, तर तो कोणी कोणाकडून शिकण्याचें कारणच नाहीं. खळ्याच्या मधल्या खुंटाभोवतीं बैल फिरतांना ज्यानें पाहिला आहे त्याला वर्तुळ काढण्यास शिथियन गुरु लागत नाहीं.

दक्षिणेंतील महापाषाण-समाधींचा काळ ठरविण्याचा पहिला पद्धतशीर यत्न सर मॉर्टिमर व्हीलर यांनीं १९४७ सालीं म्हैसूर संस्थानांत ब्रह्मगिरि येथें केला. समाधींचें नातें शेजारच्या वस्तीच्या थरांशीं जुळवून पाहावयाचें, ही त्यांची युक्ति. त्यानंतर १९४९ सालीं अमेरिकेंत लिबी यांनीं कोळशांतील किरणोत्सर्गी कर्बावरून वय काढण्याची रीत शोधून काढली आणि व्हीलर यांनीं दिलेला काळही फार अलीकडचा ठरला. विदर्भांत शास्त्रशुद्ध कामास आरंभ झाला तो १९६१-६२ मध्यें. त्या वर्षीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनीं जुनापाणीचीं कांहीं वर्तुळें उघडलीं. पुढें नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनीं १९६८-६९ सालीं टाकळघाट व खापा येथें आणि १९७० नंतर महूरझरी येथें उत्खनन केलें. ज्या टाकळघाटच्या वाटेवर हिस्लॉप गेले, तेथेंच शंभर वर्षांनीं पुन्हां कुदळ लागली. मात्र या वेळीं तिच्याबरोबर मोजपट्टी, नकाशा आणि टांचणवही होती. १९७७ ते १९८० च्या दरम्यान नायकुंड येथें काम झालें. भागी-मोहारी, रायपूर, खैरवाडा हीं स्थळें त्यामागून आलीं.

एखादें वर्तुळ उघडलें म्हणजे आंत काय दिसतें? दक्षिणेकडील पुष्कळ समाधींत दगडी फरशांची पेटी असते. विदर्भांत ती बहुधा नसते. येथें जागा साफ करून, क्वचित् उथळ खड्डा घेऊन, त्यांत मृताच्या अस्थि ठेवीत. बहुतेक वेळां संबंध सांगाडा मिळत नाहीं. देह आधीं दुसरीकडे ठेवून वा उघडा टाकून, मागाहून कांहीं निवडक हाडें येथें आणलीं असावींत. एकाच वर्तुळांत दोघा-तिघांचीं हाडें असतात. उलट कांहीं वर्तुळांत हाडें नाहींतच, केवळ मडकीं व हत्यारें. हाडांशेजारीं भांडीं, शस्त्रें व अलंकार मांडून वर माती लोटीत. ही माती पुष्कळदां दुसरीकडून आणलेली काळी चिकणमाती असते. तीवर दगडगोट्यांचा थर आणि भोवतीं शिळांचें कडें. हें काम एका घरचें नव्हे. शिळा ओढण्यास हात पाहिजेत, त्या हातांना भाकर पाहिजे, आणि अमुक इतक्या मोठ्या कड्याचा मान अमक्याला द्यावयाचा हें ठरविणारा समाज पाहिजे. वर्तुळें लहानमोठीं आहेत, यांतच त्या लोकांतील लहानमोठेपणा आपल्याला प्रथम दिसतो.

भांडीं आंतून व कांठाशीं काळीं आणि बाहेरून तांबडीं अशीं असतात. दोन रंग लावून हें साधलेलें नाहीं. भांडें आव्यांत पालथें घालून भाजलें म्हणजे आंतील भागास हवा मिळत नाहीं व तो काळा राहतो. बाहेरील भागास मिळते व तो तांबडा होतो. मडक्यांवर झांकणें असतात. महूरझरीस तांब्याचीं झांकणेंही मिळालीं. त्यांतल्या एकाच्या माथ्यावर पक्षी बसविलेला आहे. धरून उचलण्यास सोय म्हणून मूठ हवी होती; कारागिराला तेथें पांखरूं सुचलें. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या त्या माणसाच्या स्वभावाविषयीं या एका पांखरानें जें कळतें, तें दहा भाल्यांनीं कळत नाहीं.

लोखंडाच्या वस्तु मात्र खरोखर आश्चर्य वाटावें इतक्या आहेत. भाले, बाणांचीं टोंकें, खंजीर हें तर आलेंच. एका खंजिराची मूठ तांब्याची आहे. पण त्यांबरोबरच चपट्या कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या, कुदळी, पळ्या, आणि न्हाव्याच्या पेटींत असते तशी नखें काढण्याची नराणीसुद्धां आहे. कुऱ्हाडीचें पातें दांड्यास घट्ट आवळण्याकरितां लोखंडाच्याच आडव्या पट्ट्या बसविण्याची तऱ्हा हें विदर्भाचें वैशिष्ट्य मानलें जातें. युद्ध हाच ज्यांचा धंदा, अशा टोळीचें हें सामान नाहीं. यांत सुताराचें घर आहे, शेत आहे, चूल आहे. मृतास पुढील प्रवासांत लढावें लागेल इतकेंच त्यांना वाटत नव्हतें. तेथेंही लांकूड तासावें लागेल, वाढावें लागेल आणि नखें काढावीं लागतील अशी त्यांची समजूत असली पाहिजे.

आणि घोडा. थापर यांना जुनापाणीस अश्वजातीच्या प्राण्याचा सांगाडा मिळाला. पुढें महूरझरी, नायकुंड अशा ठिकाणींही घोड्याच्या अस्थि माणसांच्या अस्थींसमवेत निघाल्या. तोंडांतल्या लोखंडी लगामाच्या कड्या आणि कपाळावर व मुखावर घालावयाचे तांब्याच्या पत्र्याचे उठावदार टिकल्यांचे साज हेही सांपडले आहेत. कांहीं हाडांवर शस्त्राच्या खुणा असल्यामुळें धन्याच्या अंत्यविधींत घोडा बळी दिला जात असावा असें उत्खनकांचें मत आहे. ऐश्वर्याची ही परिसीमा म्हटली पाहिजे. लोखंड, तांबें, मणी हीं पुन्हां करतां येतात. शिकवून तयार केलेला, हांकेस ओळखणारा घोडा मारून पुरावयाचा, हें ज्याला परवडतें किंवा ज्याच्यासाठीं परवडून घ्यावें लागतें, तो मृत मनुष्य साधा नव्हे.

घोडा दिसला कीं कांहीं वाचकांच्या मनांत लागलीच वेद, आर्य आणि अश्वमेध उभे राहतात. शिथियनांच्या जागीं आर्य बसविण्याचा हा मोह आवरला पाहिजे. घोडा हें वाहन आहे, जातीचा दाखला नव्हे. अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ केनेथ केनेडी यांनीं महूरझरीच्या व इतर स्थळींच्या अस्थींचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला कीं, महापाषाण उभारणाऱ्यांची अशी निराळी एक मानववंशजाति दाखवितां येत नाहीं. निरनिराळ्या लोकांनीं मृतांचा सत्कार करण्याची एक पद्धति उचलली, असाच त्याचा अर्थ. आजही बस्तरच्या माडिया गोंडांत मृताच्या नांवानें उभा पाषाण रोंवण्याची चाल पाहावयास मिळते. तरी तेवढ्यावरून ते जुनापाणीकरांचे वंशज ठरत नाहींत. मेलेल्या माणसासाठीं न झिजणारी वस्तु शोधूं लागलें म्हणजे हात दगडाकडे जातो, इतकेंच त्यावरून म्हणतां येईल.

हे लोक कोण होते, यापेक्षां अधिक बोचणारा प्रश्न वेगळाच आहे: हे राहत कोठें होते? मृतांचीं गांवें पाहावीं तों शेकडों घरांचीं. जिवंतांचीं गांवें मात्र बोटांवर मोजण्याइतकीं. एल. एस. लेशनिक यांनीं १९७४ सालीं दक्षिणेंतील या समाधींवर ग्रंथ लिहिला. महापाषाणवाले हे गुरेंढोरें घेऊन फिरणारे लोक असल्यामुळें त्यांची कायमची वस्ती सांपडत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन. वरवर पाहतां हें पटण्यासारखें आहे, आणि गांवकऱ्यांच्या त्या ‘गवळी’ शब्दाशीं तें गमतीनें जुळतें देखील. पण नायकुंडनें या मताला मोठा धक्का दिला.

नायकुंड हें पेंच नदीच्या कांठचें गांव. तेथें समाधींच्या जवळच राहत्या वस्तीचे थर मिळाले. कर्बगणनेनें त्यांचा काळ इ. स. पूर्वीं सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपास येतो. चोपलेल्या जमिनी व लांकडी खांबांचे खळगे तेथें उरले आहेत. नायकुंड व भागी-मोहारी येथील जळक्या धान्यांत तांदूळ, मसूर व वाटाणा ओळखतां आले. हाडांवरून गाई-बैल, शेळ्यामेंढ्या, डुक्कर असे प्राणी. नदीकांठीं तांदूळ-मसूर पिकवून राहणाऱ्यांस नुसते भटके म्हणणें कठीण आहे.

याहून मोलाची वस्तु म्हणजे नायकुंडची भट्टी. किंचित् वांकविलेल्या विटांनीं बांधलेली, फार तर वीतभर-दीड वीत रुंदीची ही भट्टी घरांतल्या शेगडीपेक्षां मोठी नव्हे. तीत हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या होत्या आणि शेजारीं लोहमळीचा सांठा पडलेला होता. कोळसा आणि लोहदगड यांचे थर घालून भाता चालविला म्हणजे अशा भट्टींत लोखंड वितळत नाहीं, तितकी उष्णता तींत होत नाहीं. लोखंडाचा स्पंजासारखा सच्छिद्र गोळा तळाशीं जमतो व मळी वितळून निथळते. तो गोळा तांबडालाल असतांनाच घणाखालीं धरून उरलेली मळी ठोकून बाहेर काढावी लागते. तेव्हां कोठें हातीं धरण्याजोगें लोखंड होतें. एका वेळीं निघणारा गोळा लहानच. मग एका समाधींत पांच-दहा वस्तु ठेवावयाच्या म्हणजे किती भट्ट्या लावाव्या लागल्या असतील आणि किती कोळसा जाळावा लागला असेल, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. या लोहारांची विद्या ओबडधोबड नव्हती. महूरझरीस मिळालेल्या एका छिन्नीची धातुशास्त्रीय तपासणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. ती छिन्नी पोलादाची आहे.

महूरझरीनें आणखी एका धंद्याचा पत्ता दिला. डेक्कन कॉलेजाचे आर. के. मोहंती यांनीं २००१ नंतर तेथें काम केलें, त्यांत अकीकासारख्या रंगीत दगडांचे मणी तयार करण्याचा मोठा उद्योग तेथें चालत असल्याचें दिसून आलें. अर्धवट घडलेले, भोंक पाडतांना फुटलेले मणी आणि कपच्या यांवरून कारखाना ओळखतां येतो. दुकानांत तयार माल असतो, कारखान्यांत बिघडलेला. एकाच जागीं वर्षानुवर्षें मणी घडविले जात असतील, तर घडविणारेही तेथेंच राहत असले पाहिजेत.

तरीही प्रमाणाचा प्रश्न सुटला असें नाहीं. समाधि शेंकडों आणि वस्त्या थोड्या, हें व्यस्त प्रमाण अजून कायम आहे. याचें एक साधें कारण पुष्कळदां दुर्लक्षिलें जातें. समाधि मुरमाड, नापीक माळावर आहेत. राहतीं घरें नदीकांठच्या काळ्या जमिनींत होतीं. माळावर नांगर जात नाहीं, काळ्या जमिनींत अडीच हजार वर्षें तो फिरतो आहे. मृतांचें घर दगडाचें, जिवंतांचें कुडाचें आणि गवताचें. कित्येक जुन्या वस्त्यांवर आजचीं गांवें नांदत असतील. जिवंतांचीं घरें मुळांत थोडीं होतीं असें म्हणण्यापूर्वीं तीं किती पुसलीं गेलीं याचा हिशेब केला पाहिजे. फिरस्ते गुराखी आणि स्थायिक कारागीर हे दोन्ही एकाच समाजांत असूं शकतात, ही शक्यता तर दोन्ही पक्षांना सारखीच गैरसोयीची. आणि खरी असण्याचा संभव तिचाच अधिक दिसतो.

आतां त्या खळग्यांकडे वळूं, ज्यांनीं रिव्हेट-कार्नॅक यांना स्कॉटलंडची आठवण करून दिली. हे खळगे सर्व शिळांवर नाहींत. निवडक शिळांवर ते समांतर ओळींत किंवा फुलीच्या आकारांत कोरलेले आहेत. त्यांत कोणी लिपि पाहिली, कोणी कुळांच्या खुणा, कोणी नैवेद्याच्या वाट्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील मयंक वाहिया व त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नास निराळ्या बाजूनें हात घातला. खळग्यांचा अर्थ काय हें न विचारतां, खळगे असलेली शिळा वर्तुळाच्या मध्यापासून कोणत्या दिशेस आहे, हें त्यांनीं जुनापाणीस मोजून पाहिलें. अशा शिळा वाटेल तेथें नसून ठराविक तीनच दिशांना येतात आणि त्यांचा संबंध सूर्याच्या गतीशीं असावा, असें त्यांचें म्हणणें आहे. हें मत सर्वमान्य झालेलें नाहीं. शवाचें मस्तक कोणीकडे, गांव कोणीकडे, असलीं दुसरीं कारणेंही असूं शकतील. पण प्रश्न विचारण्याची ही रीत सयुक्तिक आहे. तिच्यांत शिथियन नाहींत, आर्य नाहींत. आहे ती दोरी, होकायंत्र आणि दगडाची जागा.

आणि नेमकी ही दगडाची जागाच आज धोक्यांत आहे. जुनापाणीचीं वर्तुळें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानें संरक्षित केलेलीं आहेत, परंतु सगळ्याच वर्तुळांच्या भोवतीं कांहीं कुंपण नाहीं. नागपूर शहर काटोल रस्त्यानें पसरत चाललें आहे. याच रस्त्यावरील एका वस्तीचें नांव गिट्टीखदान आहे, यावरून दगडाकडे पाहण्याची शहराची दृष्टि समजून येते. दक्षिणेस टाकळघाटच्या शेजारीं बुटीबोरीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. बांधास, घराच्या पायास किंवा रस्त्यास दगड लागला म्हणजे आयता गोळा करून ठेवलेला दगड कोणाला नको असतो? नेणाऱ्यास त्यांत कांहीं गैर केल्यासारखें वाटत नाहीं. एखादीच शिळा तो नेतो, वर्तुळ तर तसेंच असतें. पण ती शिळा खळग्यांची असली, तर मध्यापासून तिची दिशा काय होती हें मग कोणत्याही उत्खननानें परत मिळत नाहीं. पोटांतील लोखंड आणखी शंभर वर्षांनीं खणलें तरी बहुधा मिळेल. कांठावरचे दगड तितके थांबणार नाहींत.

म्हणून खणण्याची घाई नाहीं, मोजण्याची आहे. प्रत्येक वर्तुळास क्रमांक द्यावा, त्याचा व्यास घ्यावा, शिळा मोजाव्या, कोणत्या शिळेवर किती खळगे व कोणत्या ओळींत आहेत हें नकाशावर उतरवावें. याला कुदळ लागत नाहीं. होकायंत्र, फीत, कागद आणि दोघे-तिघे चिकाटीचे विद्यार्थी एवढ्यावर हें काम होतें. पावसाळ्यानंतर माळावर गवत माजतें व बुटक्या शिळा त्यांत बुडून जातात. तेव्हां हें काम होळीनंतर, गवत वाळून गेल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हांत करावें. त्या वेळीं उथळ झालेल्या खळग्यांतही सांवली धरते आणि त्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात.